टाकीत उरलेलं सव्वाशे किलो: मेघा-ट्रॉपिक्स-१ ला खाली आणण्याचं प्रकरण

२०२१ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स-१ या भारत-फ्रान्सच्या हवामान उपग्रहाचं काम थांबलं तेव्हा त्याच्या टाकीत सुमारे १२५ किलो इंधन शिल्लक होतं. अख्ख्या उपग्रहाचं वजन साधारण १,००० किलो, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा. मोहीम ठरली होती ३ वर्षांची, चालली दहा वर्षं, तरी एवढी शिल्लक? कारण त्याची उंची. ८६७ किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की कक्षा टिकवायला इंधन फारसं लागतच नाही. पण त्याच विरळ हवेमुळे हा उपग्रह आपोआप खाली यायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती. ज्या उंचीने त्याचं इंधन वाचवलं, तिनेच त्याला वर अडकवून ठेवलं होतं.

पेट्रोल उरलेली गाडी अंगणात उभी राहिली तर कुणाचं काही बिघडत नाही. अवकाशात तसं नसतं. बंद पडलेल्या यंत्रात राहिलेलं इंधन उन्हासावलीत तापतं, गार होतं, झडपा जुन्या होतात आणि कधीतरी टाकी फुटते. इस्रोने हे स्वतःच्या घरात पाहिलेलं आहे. पीएसएलव्ही-सी३ या रॉकेटने ऑक्टोबर २००१ मध्ये उपग्रह नीट सोडले, पण त्याचा वर राहिलेला चौथा टप्पा त्याच डिसेंबरात फुटला आणि तीनशेहून जास्त तुकडे झाले. तेव्हापासून काम संपलेल्या टप्प्यातलं उरलंसुरलं इंधन आणि दाब बाहेर सोडून तो निष्क्रिय करायची रीत इस्रोत रुजली. मेघा-ट्रॉपिक्सच्या बाबतीत मात्र हे सव्वाशे किलो नुसतं बाहेर सोडून देणं म्हणजे चांगला पैसा गटारात ओतणं होतं. उपग्रह अजून बंगळुरूच्या नियंत्रण कक्षाचं ऐकत होता. त्याच इंधनावर त्याला खाली आणता येईल का, एवढाच प्रश्न होता.

उपग्रह आणि त्याची वाट

भारताची इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस यांचा हा जोडप्रकल्प. नावातला मेघ आपला, ट्रॉपिक्स त्यांचं. १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी१८ ने तो वर नेला. उष्ण कटिबंधातलं बाष्प, ढग, पाऊस आणि उष्णतेची देवघेव मोजणं हे त्याचं काम. मद्रास नावाचं त्याचं मुख्य उपकरण २०१३ मध्येच फिरत्या भागातल्या बिघाडाने गेलं. सफीर हे आर्द्रता मोजणारं उपकरण मात्र पुढे चालत राहिलं आणि त्याची निरीक्षणं हवामानाच्या प्रारूपांत वापरली गेली.

या प्रकरणात उपकरणांपेक्षा महत्त्वाची आहे ती कक्षा. विषुववृत्ताशी २० अंशांनी कललेली. म्हणजे हा उपग्रह २० अंश उत्तर ते २० अंश दक्षिण एवढ्याच पट्ट्यावरून वर्षानुवर्षं फिरत होता. मुंबई १९ अंशांवर, पुणे साडेअठरावर, नाशिक जवळपास बरोबर विसावर. सोलापूर, कोल्हापूर, पणजी सगळी आतच.

झोपाळा मधून जाताना वेगात असतो आणि दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो. कललेल्या कक्षेचंही अक्षांशांच्या बाबतीत तसंच आहे. विषुववृत्त तो झपकन ओलांडतो आणि २० अंशांच्या टोकाशी रेंगाळतो. त्यामुळे असा उपग्रह बेवारस सोडला आणि तो आपल्या मर्जीने पडला, तर पडण्याची शक्यता पट्ट्याच्या कडांवर सर्वात जास्त असते. उत्तरेची कड कुठून जाते ते वर लिहिलंच आहे.

हे कागदावरचं वाटत असेल तर लाडबोरी आठवावी. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशात पेटत जाणाऱ्या रेषा पाहिल्या, मोबाईलवर टिपल्या, उल्का म्हणून एकमेकांना पाठवल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीचं. आजूबाजूच्या गावांत धातूचे पोकळ गोळे सापडले. अवकाशातल्या कचऱ्याचा माग ठेवणाऱ्या जाणकारांनी वेळ आणि वाट जुळवून सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, आदल्या वर्षी फेब्रुवारीत उडालेल्या. कुणाला लागलं नाही, हे नशीब. मेघा-ट्रॉपिक्सची खाली येण्याची तयारी त्यानंतर चारच महिन्यांनी कृतीत उतरली. दोन्हींचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण हा विषय मराठी माणसाला परका नाही एवढं त्या कड्याने दाखवून दिलं.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे काहीच न करणं. शंभर वर्षं. ८०० किलोमीटरच्या आसपासचा थर आधीच गजबजलेला आहे. २००९ मध्ये अमेरिकी उपग्रह इरिडियम-३३ आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले ते ७८९ किलोमीटरवर, आणि त्यांचे तुकडे अजून त्याच मोहल्ल्यात आहेत.

दुसरी वाट जगभर रूढ आहे. कक्षा थोडी खाली आणायची, इतकी की पुढे हवाच त्याला ओढून घेईल, आणि मग सगळं बंद करून हात झटकायचे. अवकाश संस्थांच्या आंतरराष्ट्रीय समन्वय समितीचा संकेत असा की खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यावर २५ वर्षांच्या आत खाली यावा. याला कमी इंधन लागतं, कमी डोकेदुखी होते, नियम पाळल्याचं समाधानही मिळतं. पण पडणार कुठे, हे शेवटचे काही तास उरेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे नियंत्रित पुनर्प्रवेश: दिवस, वेळ आणि जागा आपण ठरवायची. मोठे उपग्रह आणि अवकाश स्थानकांची मालवाहू यानं अशी उतरवली जातात, कारण त्यांची रचनाच तशी असते, शेवटी जोरात ब्रेक मारता येईल अशी. मेघा-ट्रॉपिक्स तसा बांधलेलाच नव्हता.

इंधन पुरेल का, याचं ढोबळ गणित कुणालाही मांडता येईल. ८६७ किलोमीटरच्या गोल कक्षेत वेग सेकंदाला साधारण ७.४ किलोमीटर. कक्षेचा पृथ्वीला सर्वात जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, ८० किलोमीटरपर्यंत खाली खेचायचा तर वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटरने कमी करावा लागतो. हजार किलोच्या उपग्रहातलं सव्वाशे किलो हायड्राझीन, म्हणजे त्याचं इंधन, जाळलं तर पावणेतीनशे मीटरच्या आसपास बदल मिळतो. पुरतं, पण चैन करण्याइतकं नाही. उपग्रह सरळ धरून ठेवायला, चुका सुधारायला, दुसऱ्या कुणाच्या वाटेतून बाजूला व्हायलाही यातूनच खर्च करायचा.

इस्रोने तिसरी वाट धरली.

साडेचार किलोचा ब्रेक

या उपग्रहावर शेवटच्या कामाला होते ११ न्यूटनचे चार थ्रस्टर, म्हणजे छोटी ढकलणारी इंजिनं. मिळून ४४ न्यूटन. तांदळाचा साडेचार किलोचा डबा हातावर तोलून धरायला जेवढा जोर लागतो, तेवढाच हा जोर. एवढ्यावर ताशी २६ हजार किलोमीटरहून जास्त वेगाने धावणाऱ्या एक टनाच्या वस्तूला रोखायचं. शिवाय अशा उपग्रहांत टाकी रिकामी होत जाते तसा आतला दाब उतरतो आणि जोर आणखी कमी होतो. म्हणजे ऐन शेवटी, जेव्हा मोठा धक्का हवा, तेव्हाच थ्रस्टर दमलेले.

त्यामुळे एका फटक्यात काम होणार नव्हतं. ऑगस्ट २०२२ पासून थोडं थोडं करत १८ वेळा थ्रस्टर पेटवले गेले आणि कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आली. प्रत्येक वेळी आधी पाहायचं की नव्या कक्षेत कुणी जवळून जाणार नाही ना. वाट खाली उतरत होती, आणि खाली ४०० किलोमीटरच्या आसपास आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आणि चिनी स्थानक, दोन्हींत माणसं. बंगळुरूत इस्रोचं अवकाश वस्तूंवर नजर ठेवणारं केंद्र, इस्फोरओम, जुलै २०२२ मध्येच रीतसर सुरू झालं होतं. योगायोग असेल, पण वेळ बरोबर साधली.

मग वय. दहा वर्षांच्या यंत्रात जोडीला ठेवलेल्या राखीव प्रणालींपैकी काही आधीच कामातून गेल्या होत्या, काही कमी ताकदीने चालत होत्या. एक गेली तर दुसरी, ही सोय उरली नव्हती. आणि ज्या उंचीसाठी तो बांधला होता तिच्यापेक्षा कितीतरी खाली त्याला चालवायचं होतं. तिथे हवा लागते, उपग्रह वळवायला बघते, तापमानाचं गणित बदलतं. खाली आल्यावर जमिनीवरच्या केंद्राला तो दिसतोही कमी वेळ. उंच कक्षेत बंगळुरूच्या अँटेनांना तो बहुतेक फेऱ्यांत निवांत भेटायचा. खाली आलेला उपग्रह मात्र क्षितिजावर येतो आणि तेवढ्यात मावळतो. आज्ञा द्यायच्या त्या एवढ्याशा वेळात.

या उतरणीत एक गोष्ट मला फार आवडली. अधेमधे त्यांनी सौरपट वेगवेगळ्या दिशांना वळवून हवा किती ओढते हे मोजलं. सूप वाऱ्याला आडवं धरलं की फडफडतं आणि उभ्या काठाने धरलं की निसटतं, तसंच हे. पण यातून हाती आलं ते खरंखुरं मोजमाप, आणि तेही अशा उंचीवरचं जिथे सूर्य तापला की हवा फुगते आणि सगळे अंदाज कोलमडतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका सौरवादळाने हवा अशीच फुगली आणि नुकतेच सोडलेले ४९ पैकी जवळपास ४० स्टारलिंक उपग्रह वर चढण्याआधीच गळून गेले, हे सगळ्यांच्या लक्षात होतं. मरणाऱ्या उपग्रहाकडून शेवटचा प्रयोग करून घेणं याला मी कंजूषपणा म्हणणार नाही, हा चांगला संसार आहे.

पाडायचं कुठे

जुनी यानं बुडवायची ठरलेली जागा म्हणजे दक्षिण पॅसिफिकमधला पॉइंट निमो, सगळ्या जमिनींपासून सर्वात दूरचा बिंदू. रशियाचं मीर स्थानकही २००१ मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्येच बुडवलं. पण पॉइंट निमो आहे जवळपास ४९ अंश दक्षिणेला आणि मेघा-ट्रॉपिक्स २० अंशांच्या पुढे जाऊच शकत नव्हता. कक्षेचा कल बदलायला जेवढं इंधन लागतं त्याचा विचारही करायला नको. म्हणजे जगाचं हे स्मशान त्याला बंद होतं आणि विषुववृत्ताजवळ, जिथे बेटं, देश आणि माणसं दाटीने आहेत, तिथेच मोकळी जागा शोधायची होती.

ती सापडली ५ ते १४ अंश दक्षिण आणि ११९ ते १०० अंश पश्चिम या चौकटीत. नकाशा काढून बघा. पूर्वेला गालापागोस, पश्चिमेला मार्केसास बेटं, मध्ये नुसतं पाणी. पूर्व-पश्चिम सुमारे २,१०० किलोमीटर, दक्षिणोत्तर साधारण १,०००. महाराष्ट्राची रुंदी ८०० किलोमीटर धरली तर चौकट मोठी वाटते. पण ती ओलांडायला त्या वेगाने साडेचार-पाच मिनिटं पुरतात. एका मिनिटाची चूक म्हणजे साडेचारशे किलोमीटर.

आणखी एक गंमत, ही माझी नकाशावरची. कक्षेचा उपभू एखाद्या ठिकाणी खाली खेचायचा तर ब्रेक त्याच्या बरोबर उलट्या बाजूला लावावा लागतो. १० दक्षिण, ११० पश्चिम याच्या समोरासमोरचा बिंदू येतो १० उत्तर, ७० पूर्व. लक्षद्वीपच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात. पाऊण तासाच्या प्रवासात पृथ्वीही फिरते हे धरलं तर तो आणखी पूर्वेला सरकतो, दक्षिण भारताच्या आसपास. म्हणजे पॅसिफिकमधली ही चौकट निवडली की शेवटचा ब्रेक साधारण आपल्याच अँटेनांच्या टापूत पडतो. पुढच्या वाटेवर पोर्ट ब्लेअर आणि इंडोनेशियातलं बियाक, अशी इस्रोची केंद्रंही आहेत. ब्रेक लागताना तो आपल्याला दिसला पाहिजे ही अट इस्रोच्या योजनेत होतीच.

७ मार्च २०२३

महाराष्ट्रात त्या दिवशी धुळवड. आदल्या रात्री होळ्या पेटून विझल्या होत्या. बंगळुरूत इस्ट्रॅकच्या, म्हणजे उपग्रहांशी संपर्क ठेवणाऱ्या इस्रोच्या केंद्राच्या, मोहीम संचालन कक्षात मात्र कामाचा दिवस. दोन दिवस आधीच इस्रोने दुपारी साडेचार ते संध्याकाळी साडेसात ही वेळ जाहीर केली होती.

४ वाजून ३२ मिनिटांनी पहिला ब्रेक. चारही थ्रस्टर सुमारे २० मिनिटं पेटलेले. या वीस मिनिटांत उपग्रह जवळपास ९,००० किलोमीटर जातो, मुंबईहून लंडन गाठून आणखी दीड-दोन हजार किलोमीटर पुढे. एवढा लांबलचक ब्रेक लागत असताना उपग्रहाचं तोंड सतत योग्य दिशेला राहिलं पाहिजे, कारण दिशा जेवढी चुकते तेवढं इंधन भलतीकडे खर्ची पडतं.

मग वाट पाहणं. साधारण एका फेरीएवढा वेळ.

६ वाजून २१ मिनिटांनी दुसरा आणि शेवटचा ब्रेक, पुन्हा सुमारे २० मिनिटं. आता उपभू ८० किलोमीटरच्याही खाली आल्याचा हिशेब निघाला. तिथे गेलेली वस्तू परत वर येत नाही. इकडे लोक रंग धुऊन संध्याकाळच्या चहाला बसले होते, तिकडे पूर्व पॅसिफिकमध्ये पहाट होत होती. उपग्रहाने पाठवलेल्या शेवटच्या माहितीवरून (टेलिमेट्री) इस्रोने सांगितलं की उपग्रह वातावरणात शिरला आणि ठरलेल्या चौकटीतच समुद्रात पडला असणार. उष्णतेच्या विश्लेषणानुसार मोठा असा एकही तुकडा खालपर्यंत पोचणार नव्हता. ऑगस्टपासून या सगळ्यात सुमारे १२० किलो इंधन गेलं. टाकीत आता जेमतेम ५ किलो.

यातून काय घ्यावं आणि काय घेऊ नये

बातम्यांत हे प्रकरण 'भारताने अवकाश स्वच्छ केलं' अशा थाटात आलं. मला ते पटत नाही. एक उपग्रह उतरवला, आणि तो उतरवता आला यात नशिबाचा वाटा मोठा होता. जी कक्षा इंधन मागत नाही ती मिळाली म्हणून सव्वाशे किलो उरलं. बहुतेक उपग्रहांच्या शेवटी टाकीचा तळ दिसत असतो. आणि मोहीम लांबवण्याचा मोह प्रत्येकाला असतो: आणखी एक वर्ष, आणखी एक पावसाळा. तेवढ्यात एखादी बॅटरी जाते किंवा संपर्क तुटतो, आणि मग टाकी भरलेली असली तरी उपयोग नाही. मेघा-ट्रॉपिक्सच्या लोकांनी यंत्र ऐकत होतं तोवरच निर्णय घेतला, कौतुक त्याचं करायला हवं.

दुसऱ्या वाटेचा नमुनाही इस्रोकडेच आहे. जानेवारी २००७ मध्ये सोडलेला, ६८० किलोचा कार्टोसॅट-२ मूळ ६३५ किलोमीटरवर होता आणि आपोआप यायला त्याला सुमारे ३० वर्षं लागली असती. त्याचा उपभू २०२० च्या सुरुवातीपर्यंत ३८० किलोमीटरवर आणला, फक्त २६ किलो इंधनात. बाकी काम हवेवर सोडलं. १४ फेब्रुवारी २०२४ ला दुपारी तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरला. १२० किलो विरुद्ध २६ किलो. लहान उपग्रहाला, जो जवळपास पूर्ण जळून जातो, हा स्वस्त मार्ग पुरतो. कुठे काय वापरायचं हे ठरवणं खरं कौशल्याचं.

आणि जे ऐकतच नाहीत त्यांचं काय? त्यांच्यासाठी दुसरं यान पाठवावं लागतं, आणि ती किती किचकट गोष्ट आहे हे जपानच्या अ‍ॅस्ट्रोस्केल कंपनीच्या ॲड्रास-जे वरून कळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेलं, २००९ पासून फिरणाऱ्या जपानच्याच एच-२ए रॉकेटच्या सुमारे ११ मीटर लांब, तीनेक टनाच्या टप्प्यामागे लागलं आणि वर्ष संपायच्या आत १५ मीटरपर्यंत पोचलं. पोचलं फक्त. फोटो काढले, पाहणी केली. पकडण्याचं काम पुढच्या मोहिमेचं. त्या टप्प्याला ना दिवा, ना हाताला धरायला कडी, ना 'मी इथे आहे' असं सांगणारा आवाज. इंटेलसॅट-९०१ या संपर्क उपग्रहाला २०२० मध्ये एमईव्ही-१ या सेवा यानाने जोडून घेतलं आणि पाच वर्षं पुढे चालवलं, तेव्हाही पकडायला जागा म्हणून त्याच्या इंजिनाच्या नळकांड्यातच दांडा घालावा लागला होता. पण तो उपग्रह जिवंत होता, स्थिर उभा राहिला.

२०३० पर्यंत सरकारी आणि खासगी सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचं लक्ष्य एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. म्हणजे शेवटच्या ब्रेकचं इंधन पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवायचं. उरलं तर पाहू, असं नाही.

मेघा-ट्रॉपिक्सच्या जुन्या वाटेपासून जेमतेम शंभर किलोमीटर खाली, ७७० किलोमीटरच्या आसपास, युरोपचा एन्व्हिसॅट आहे. आठ टन. ८ एप्रिल २०१२ ला त्याच्याशी संपर्क तुटला, महिनाभर हाका मारून झाल्या, ९ मे ला मोहीम संपल्याचं जाहीर केलं. तो रोज चौदा फेऱ्या मारतो, अजूनही.